कॅन्सर पेशंटसाठीच्या योजना, सवलती आणि दिव्यांग कार्ड : मामांसाठी वापरलेल्या सगळ्या सेवांचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो मग बाकीचं. कॅन्सरच्या पेशंटला मदत मिळवून देणाऱ्या जेवढ्या खिडक्या आम्ही बघितल्या त्यात सगळ्यात भारी हॉस्पिटलमधली मेडिकल सोशल वर्करची खोली, ५ पैकी ५. आरोग्यमित्र, म्हणजे महात्मा फुले योजनेचा हॉस्पिटलमधला माणूस, ४. रेल्वेची सवलत ४. दिव्यांग दाखल्यासाठी तपासणारं डॉक्टरांचं बोर्ड ४. ईएसआय म्हणजे पगारातून कापला जाणारा कामगारांचा सरकारी विमा, त्याची आजारपणाची भरपाई ५, पण ती असते हेच कुणी सांगत नाही. आणि तहसीलची एक खिडकी, जिचं नाव लिहित नाही, तिला २ पण जास्त आहेत.

मामा एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, आम्ही कोल्हापूरकडचे. आवाज बसला तो बसलाच, आधी सर्दी म्हणून गोळ्या, मग बायोप्सी, स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. मुंबईत ऑपरेशन झालं, पूर्ण स्वरयंत्र काढलं, गळ्याला श्वासासाठी भोक, नंतर रेडिएशन. आता बोलणं म्हणजे पाटीवर लिहून नाहीतर मोबाईलवर टाईप करून, आणि ज्या माणसाची हाक तीन गल्ल्या पलीकडं जायची त्याला मामीला हाक मारायला टाळी वाजवायला लागते. घरात कमावणारे तेच. म्हणून उपचार चालू असतानाच मी आणि मामीनं योजनांच्या मागं लागायचं ठरवलं, त्यातून जे कळलं ते इथं सगळं लिहितोय, कारण नेटवर शोधलं तर एकतर पाच वर्षं जुनी माहिती मिळते नाहीतर "पात्र लाभार्थ्यांनी अर्ज करावा" एवढंच.

पहिलं सोशल वर्कर. मोठ्या हॉस्पिटलात हा वेगळा विभागच असतो, परळच्या टाटा मेमोरियलला पण आहे, धर्मादाय हॉस्पिटलात पण असतो. बरेच लोक समजतात की तिथं फक्त एकदम गरिबांनी जायचं, आपण कसं जायचं, लाज वाटते. तसं अजिबात नाही. आमच्या मॅडमनी मामांचं रेशनकार्ड, पगाराची स्लिप, गाव, घरात कोण कोण, सगळं शांतपणे विचारलं आणि एका कागदावर क्रम लिहून दिला, आधी हे, मग ते, आणि हे तुम्हाला लागू नाही त्याच्या मागं लागू नका. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे कारण अशा वेळी ओळखीचा प्रत्येक माणूस एक नवीन योजना सांगतो आणि तुम्ही पेशंटला सोडून झेरॉक्सच्या दुकानात उभे. मॅडमनी सगळ्यात आधी जे सांगितलं तेच मी सगळ्यांना सांगतो, की पैसे भरायच्या आधी विचारा. पंतप्रधान सहायता निधी घ्या, मुख्यमंत्री सहायता निधी घ्या, पैसे हॉस्पिटलच्या खात्यावर जातात, तुमच्या हातात येत नाहीत, आणि तुम्ही सोनं मोडून बिल भरलं की मग नंतर परत मिळवू म्हटलं तर तसं होत नाही. डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, ते उपचार चालू व्हायच्या आधी किंवा चालू असताना घ्यायचं. मुख्यमंत्री निधीला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, त्याला १ लाख ६० हजाराची मर्यादा आहे, पेशंट बेडवर असतानाचा जिओ टॅग फोटो, म्हणजे जागेची नोंद असलेला फोटो, लागतो. आता यासाठी मंत्रालयात जायची पण गरज नाही, जिल्हाधिकारी कार्यालयात कक्ष आहे.

महात्मा फुले योजनेबद्दल. राजीव गांधी जीवनदायी म्हणून २०१२ साली सुरू झालेली तीच ही, नाव नंतर बदललं. आधी दीड लाखाचं कव्हर होतं आणि पिवळं केशरी कार्डच चालायचं म्हणून लोक अजून पण सांगतात "तुमचं पांढरं कार्ड, तुम्हाला नाही मिळणार". ते जुनं झालं. जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत. ज्या ज्या हॉस्पिटलात योजना लागू आहे तिथं आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जायचं, तो नोंद करतो आणि ऑनलाइन मंजुरी मागवतो. ऑपरेशन, केमो, रेडिएशन या तिन्हीची पॅकेजेस आहेत. मामांचं ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही यातूनच झालं. एक गुण का कापला ते सांगतो. निदान व्हायच्या आधीच्या तपासण्या, मुंबईत राहणं, बरोबरच्या माणसाचं खाणं, रिक्षा टॅक्सी, हे सगळं खिशातून जातं आणि तो आकडा छोटा नसतो. शिवाय आमचा आरोग्यमित्र चांगला होता म्हणून ठीक, पण टेबलावर माणूसच नसेल तर काय करायचं ते बोर्डावर मोठ्यानं लिहिलेलं पाहिजे. हेल्पलाइन १५५३८८ आहे, नाहीतर १८०० २३३ २२००. घरात कुणी ७० च्या वर असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही, ५ लाख वेगळे. हे मामांच्या वॉर्डातल्या एका आजोबांच्या मुलाला माहीतच नव्हतं.

योजनेत नसलेलं धर्मादाय हॉस्पिटल असेल तर सोडू नका. ट्रस्टच्या हॉस्पिटलात १० टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायचे हा कायदा आहे, महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात कलम ४१ क क म्हणून. निर्धनला वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारापर्यंत आणि दुर्बल घटकाला ३ लाख ६० हजारापर्यंत. रिसेप्शनवरची मुलगी नाही म्हणाली तर वाद न घालता सोशल वर्करकडं जायचं, आणि तिथंही नाही झालं तर धर्मादाय आयुक्तांकडं तक्रार करता येते, नुसतं असं सांगितलं तरी बऱ्याचदा चक्र फिरतं.

आता ज्याच्यासाठी मुख्य लिहायला बसलो ते दिव्यांग कार्ड. इथं सगळ्यात जास्त गोंधळ आहे. कोण म्हणतं कॅन्सर झाला की अपंगत्वाचा दाखला मिळतो, कोण म्हणतं अजिबात मिळत नाही. दोन्ही चूक. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात कॅन्सर नाही. पण कॅन्सरनं किंवा त्याच्या उपचारानं शरीरात जे कायमचं गेलं ते त्या यादीत असेल तर दाखला मिळतो. हाडाच्या कॅन्सरनं पाय काढावा लागला तर चलनवलनाचं अपंगत्व. लहान मुलांना डोळ्याचा कॅन्सर होतो त्यात दृष्टी गेली तर अंधत्व किंवा अल्पदृष्टी. सिस्प्लॅटिन नावाच्या केमोनं काहीजणांचं ऐकणं कमी होतं, ते दोन्ही कानांचं पुरेसं कमी झालं असेल तर कर्णदोष, म्हणून केमोनंतर कानात शिट्टी वाजते, टीव्हीचा आवाज वाढवायला लागतोय असं वाटलं की ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्याच. आणि मामांच्या बाबतीत तर कायद्याच्या परिशिष्टात वाचा आणि भाषा दोषाची व्याख्या देताना स्वरयंत्र काढण्याचं ऑपरेशन उदाहरण म्हणून सरळ छापलेलं आहे! मी ते वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. म्हणजे ज्यांचं पूर्ण स्वरयंत्र काढलंय अशा माणसाला "कॅन्सरला दाखला मिळत नाही" म्हणून परत पाठवणं हे कायद्याला धरून नाहीच, पण पेशंटला कोण सांगणार.

अर्ज स्वावलंबन कार्डच्या (दिव्यांग कार्डाचंच हे सरकारी नाव) सरकारी साइटवर ऑनलाइन करायचा, आधार, फोटो, सही नाहीतर अंगठा, पत्त्याचा पुरावा, आणि कुठल्या सरकारी दवाखान्यात तपासणी हवी ते निवडायचं. मग बोर्डाच्या दिवशी पेशंटला घेऊन जायचं. आमच्या जिल्ह्याच्या दवाखान्यात नाक कान घशाच्या डॉक्टरांनी फार व्यवस्थित तपासलं, घाई केली नाही, मामांना लिहायला कागद दिला आणि उत्तर येईपर्यंत थांबले. मामी बाहेर येऊन रडली, कारण एवढ्या महिन्यांत मामांशी थेट बोलणारे, म्हणजे मामीकडं बघून "यांना काय होतंय" असं न विचारणारे ते पहिलेच. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोट्स आणि बायोप्सी रिपोर्ट घेऊन जा, त्यातल्या ऑपरेशनच्या नोट्स लोक न्यायला विसरतात आणि बोर्डाला नेमकं काय काढलं ते त्यातच कळतं. टक्केवारी ४० किंवा त्याच्या वर आली तरच बहुतेक सवलती लागू होतात. दाखला तात्पुरता आहे की कायमचा ते तिथंच बघून घ्या, तात्पुरता असला तर मुदत संपायच्या आधी परत तपासणी.

आणि जीभ किंवा जबड्याचं ऑपरेशन झालेल्यांनी पण वाचा दोषासाठी तपासून घ्यावं, आपल्याकडं तंबाखू गुटख्यामुळं तोंडाचे कॅन्सर एवढे आहेत आणि त्यातल्या किती लोकांचं बोलणं समजत नाही, घरची दोन माणसं सोडली तर कुणालाच नाही, पण बोर्डाकडं जाणारे फार कमी दिसले मला.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. स्तन काढलेल्या बाईला या यादीत काही नाही. पोटावर पिशवी लावलेल्या माणसाला काही नाही. केमोनंतर तळपायाला मुंग्या येतात, दोन जिने चढता येत नाहीत एवढा थकवा येतो, त्याला तर मोजायची पट्टीच नाही. हात सुजून घागर उचलत नाही अशी बाई रोजंदारीला कशी जाणार. कायदा गेलेला अवयव बघतो, गेलेलं काम बघत नाही. २१ चा आकडा एकदा परत उघडून त्यात कॅन्सरनंतरचं हे सगळं घ्यायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

कार्डानं मिळालं काय? साध्या एसटीत ७५ टक्के सवलत. ग्रामपंचायत, नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, त्यासाठी ग्रामसेवकाकडं कार्डाची झेरॉक्स आणि अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. पण रेल्वेत गंमतच वेगळी, दिव्यांगांच्या सवलतीत मूकबधिर म्हणजे बोलणं आणि ऐकणं दोन्ही गेलेलं लागतं, मामांना ऐकू येतं म्हणून ती सवलत नाही. इथं बरेच लोक निराश होऊन परत येतात. येऊ नका, कारण रेल्वेची कॅन्सर पेशंटची सवलत वेगळी आहे आणि ती याच्यापेक्षा चांगली. स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटला मूळ भाड्यात १०० टक्के, बरोबरच्या एका माणसाला ७५ टक्के. सेकंड क्लास आणि एसी चेअर कारला दोघांना ७५, टू एसीला ५०. हॉस्पिटलचा ठरलेला फॉर्म असतो, डॉक्टरांची सही आणि शिक्का, आणि तो घेऊन स्टेशनच्या रिझर्वेशन काउंटरवर जायचं, मोबाईलवरून या सवलतीचं तिकीट निघत नाही, म्हणूनच एक गुण कापलाय. उपचाराला किंवा फेरतपासणीला जाताना येतानाच ती चालते. आम्ही महालक्ष्मीनं रात्री बसायचो आणि सकाळी मुंबईत. मुंबईत राहणाऱ्यांना सांगतो, लोकलच्या दिव्यांग डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, हॉस्पिटलचं कार्ड जवळ ठेवा, रेडिएशनला जाताना गर्दीत उभं राहू नका.

आता ईएसआय. पगारातून कापलं जातं हे मामांना माहीत होतं, डोकं दुखलं की दवाखान्यात जाऊन गोळ्या आणायच्या एवढाच त्याचा उपयोग असं सगळ्या कामगारांना वाटतं. कंपनीच्या ऑफिसनं "बिनपगारी रजा टाका" सांगितलं होतं. सोशल वर्कर मॅडमनी पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात बघितली आणि म्हणाल्या हे आधी करा. साधा आजारपणाचा लाभ वर्षाला ९१ दिवस, पगाराच्या ७० टक्के. पण ईएसआयची ३४ मोठ्या आजारांची यादी आहे, त्यात कॅन्सर आहे, आणि नोकरीला दोन वर्षं होऊन वर्गणी नीट भरलेली असेल तर वाढीव लाभ मिळतो, सरासरी रोजच्या पगाराच्या ८० टक्के, आणि तो जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत वाढवता येतो. घरभाडं, मुलीची कॉलेजची फी, मामांचा सूप आणि प्रोटीन पावडर, सगळं यातून चाललं. महिन्याला २१ हजारापर्यंत पगार असलेला कामगार यात येतो. ईएसआयच्या डॉक्टरांना सगळे पेपर दाखवून दाखला घ्यायचा, तो वेळच्या वेळी जमा करायचा, गॅप पडू द्यायचा नाही. ज्यांच्या घरात कारखान्यात, मॉलमध्ये, सिक्युरिटीत काम करणारा पेशंट आहे त्यांनी आज त्याची पगाराची स्लिप काढून बघा. पीएफमधून पण आजारपणासाठी उचल मिळते.

ज्यांना नोकरीच नाही त्यांचं काय, तर संजय गांधी निराधार. मुंबईत धर्मशाळेत आमच्या शेजारी एक मावशी होत्या, शेतमजुरी करणाऱ्या, नवरा गेलेला, स्तनाचा कॅन्सर. गावाकडच्या तहसीलमध्ये त्यांच्या भावाला सांगितलं होतं की दिव्यांग दाखला आणा मगच फॉर्म घेऊ. म्हणून वरच्या २ गुणांची खिडकी ती. खरं म्हणजे या योजनेत निराधार, विधवा, दिव्यांग यांच्याबरोबर कर्करोग, क्षयरोग, पक्षाघात, एड्स, कुष्ठरोग अशा आजारांमुळं स्वतःचं पोट भरू न शकणारे पेशंट वेगळे धरलेत, त्यांना दिव्यांग दाखल्याची गरज नाही, सरकारी डॉक्टरांचा आजाराचा दाखला लागतो. आणि मावशी तर विधवा म्हणून पण बसत होत्या. वय ६५ च्या आत पाहिजे, महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य पाहिजे, खातं आधारला जोडलेलं पाहिजे. ६५ च्या वर श्रावणबाळ योजना. महिन्याला १५०० रुपये.

यातली उत्पन्नाची अट बघा, कुटुंबाचं वर्षाचं २१ हजार. महिन्याला पावणेदोन हजारात आज कुठलं कुटुंब जगतं? दिव्यांगांना ही मर्यादा ५० हजार आहे आणि ऑक्टोबर २०२५ पासून रक्कम पण २५०० केली, चांगलं झालं, पण त्याच तहसीलच्या त्याच बाकावर बसलेल्या कॅन्सरच्या बाईला १५०० आणि २१ हजाराची अट, हे कसं बरोबर? म्हणून ज्याला दिव्यांग दाखला मिळू शकतो त्यानं आधी तो काढावा आणि मग संजय गांधीचा फॉर्म भरावा, क्रम उलटा करू नये. मावशींच्या भावाला मी आजारांची यादी असलेलं पान प्रिंट काढून दिलं, त्यांनी ते खिडकीवर ठेवलं, फॉर्म घेतला गेला आणि पुढं मंजूर पण झाला.

इन्कम टॅक्स भरणाऱ्यांसाठी पटकन, जुन्या करप्रणालीत १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यातल्या ८०डीडीबी कलमाखाली कॅन्सरच्या खर्चाची ४० हजारापर्यंत वजावट, पेशंट ज्येष्ठ असेल तर १ लाख, तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा. विम्यातून मिळालेले पैसे त्यातून वजा होतात.

मुंबईत राहायचं म्हटलं तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन ही दोन नावं आपल्याकडच्या लोकांच्या तोंडात असतात, पेशंट लहान मूल असेल तर सेंट ज्यूडची केंद्रं. औषधांच्या मदतीसाठी इंडियन कॅन्सर सोसायटी, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन, व्ही केअर, सिद्धिविनायक ट्रस्टची वैद्यकीय मदत, ही यादी पण सोशल वर्करकडंच मिळते, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांचं पत्र जोडलेलं असलं की काम लवकर होतं.

फाईलचं सांगतो कारण सगळीकडं तेच तेच कागद मागतात. आधार, रेशनकार्ड, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकचं पहिलं पान, बायोप्सी रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, खर्चाचं अंदाजपत्रक, फोटो. उत्पन्नाचा दाखला निदान झाल्या झाल्या गावाकडं असलेल्या माणसानं तलाठ्याकडून आणि सेतूतून काढून ठेवायचा, मुंबईत बसून तो काढणं अवघड जातं आणि नेमका तोच सगळ्या फॉर्मना लागतो. नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि हॉस्पिटलच्या केस पेपरवर एक असेल तर केस पेपरवरचं पहिल्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या, नंतर ते फार अवघड जातं.

मला विचाराल तर दिव्यांग बोर्डाला पाचही गुण मी तेव्हा देईन जेव्हा मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात सोशल वर्करच्या शेजारच्या टेबलावर आठवड्यातून एकदा दिव्यांग बोर्डाचा डॉक्टर आणि महसूलचा माणूस बसेल. पेशंट तिथं आहे, रिपोर्ट तिथं आहेत, ऑपरेशन केलेला सर्जन तिथं आहे, मग त्याच माणसाला टाके ओले असताना चारशे किलोमीटरवर परत आपल्या जिल्ह्यात जाऊन गळा का दाखवायला लावायचा. हे मी आमच्या आमदारांना लेखी दिलंय, तुमच्या भागात तुम्ही पण द्या, जेवढी पत्रं जातील तेवढी कमीच आहेत. कुणाला दिव्यांग अर्जात कुठं अडकायला झालं असेल तर खाली लिहा, मामींना आता सगळं पाठ आहे, त्या स्वतः उत्तर देतील.